पेवातली ओ

नदीकाठच्या वाकेघळ गावात केवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट आहे, भक्तहो. महाराज फार बोलत नसत. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की सांगत, "रोज घटकाभर एकटा बस. मग ये."

हा उपदेश मनापासून पाळला तो एका गोदू तेलिणीने. दिवस कलला की ती घाणा थांबवी, बैल सोडी आणि पडवीचं दार लोटून गप्प बसे.

गावचे कारभारी हैबतराव यांना याची भारी गंमत वाटे. त्यांना स्वतःला चार माणसांशिवाय घास उतरत नसे. विहिरीवर आंघोळीला निघाले तरी मागे दोघे असत. एकदा मठात भरल्या सभेत ते म्हणाले, "महाराज, तुमची ही शिष्या घाणा बंद ठेवून भिंतींशी गप्पा मारते म्हणे."

लोक हसले. गोदूने मान खाली घातली. महाराज म्हणाले, "हैबतराव, तुम्हीही कधी बसून बघा."

"एकटं बसायला मी काय घुबड आहे?" हैबतराव म्हणाले, आणि हशा आणखी वाढला.

पुढे मठाच्या भंडाऱ्याचा दिवस आला. हैबतरावांनी खळ्यावरचं पेव उघडून ज्वारी द्यायचं ठरवलं. दान द्यायचं तर गावाला कळायला नको का! हलगी आली, सनई आली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची खोल कोठी; तिच्या तळाशी कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून वाकेघळची रीत अशी होती, की पेव बंद करण्याआधी धन्याने तोंडाशी वाकून तीन हाका माराव्यात आणि थांबून कान द्यावा. ज्वारी काढून झाल्यावर हैबतराव वाकले, त्यांनी तीन हाका मारल्या. डोक्यावर हलगी कडाडत होती. रीत झाली, असं म्हणून ते उठले. गड्यांनी वर फरशी सरकवून चिखलाने लिंपून टाकली.

पंगतीच्या वेळी त्यांची चार वर्षांची नात चिमणा कुठे दिसेना. घर झालं, विहीर झाली, मळा झाला. उसात जनावर शिरलं की गाव ढोल बडवत हाकारा करी. हैबतरावांनी तोच हाकारा करायला सांगितलं. खळं उंचावर, म्हणून ढोलवाले तिथेच उभे राहिले. कानठळ्या बसत होत्या, पण पोर काही सापडेना.

दिवस कलला तशी गोदू धापा टाकत खळ्यावर आली. तिच्यामागून महाराज आले.

"कारभारी, मी आत्ता गप बसले व्हते," गोदू म्हणाली. "खळ्याच्या खालनं पोर ओ देतंया."

"येडी का काय तू? तुझं घर गावाच्या त्या टोकाला. हितं उभं राहून आमाला काय आईकू येईना!" एक ढोलवाला म्हणाला.

"ढोल थांबवा," महाराज म्हणाले.

ढोल थांबले. कितीतरी दिवसांनी हैबतरावांच्या भोवती कसलाच आवाज उरला नाही. आणि त्या शांततेत, त्यांच्या पायाखालून, बारीकशी 'ओ' आली.

फरशी त्यांनी स्वतः उभं राहून लिंपून घेतली होती!

गड्यांनी फरशी काढली. रिवाजाप्रमाणे आधी कंदील सोडला. निम्म्यावर जाताच तो विझला. दिवा जिथे जगत नाही तिथे पोर कसं जगणार? बायकांनी हंबरडा फोडला. खाली उतरायला कोणी धजेना.

महाराजांनी दोराला पाटी बांधून खाली सोडली. "बाळ, पाटीत बस," ते म्हणाले.

दोर ताणला गेला. गड्यांनी ओढला, आणि चिमणा वर आली. केसांत भुसा, गाल धुळीने माखलेले, पण पोर ठणठणीत होती. चिमणा म्हणाली, "आता पाटी पुन्हा सोडा. बाबा खालीच ऱ्हायलेत. त्यांच्या मांडीवर बसले व्हते मी."

"कोण बाबा?"

तिने महाराजांकडे बोट केलं आणि ती स्वतःच गोंधळली. महाराज सकाळपासून मठात शेकडो लोकांसमोर बसून होते. त्यांनी हसत अंगावरची भगवी छाटी झटकली. तिच्यातून पेवातल्या काळपट ज्वारीचे चार दाणे खळ्यावर पडले.

हैबतराव ते दाणे बघत राहिले. त्यांनी नातीला उराशी धरलं. "पोरी, आत खेळायला गेलीस, तर आवाज का नाही दिलास गं?"

"दिला की," चिमणा म्हणाली. "आबा, तुमी तीन हाका मारल्या ना? मी तिन्ही येळी ओ दिली."

हैबतरावांनी तिला खाली ठेवलं. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तेव्हा महाराजांनी त्यांना खांद्याला धरून गोदूकडे वळवलं. गोदू लाजून मागे सरकली, पण साऱ्या गावादेखत कारभाऱ्यांनी तिच्या तेलकट पावलांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.