चिमाईनं धरलेला हात

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीची आजी परकरात होती तेव्हा, धामणझरा गावात चिमाई नावाची कासारीण राहत होती. शेजारच्या गावचे लोक चिमाई आमचीच म्हणून सांगतात, पण त्यांचं काही मनावर घेऊ नका. चिमाई धामणझऱ्याचीच.

काचेची बांगडी जोर लावून चढत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. आधी हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायचा, बोटं जुळवायची. हात सैल पडला की बांगडी आपसूक वर जाते. चिमाई हात दाबायला बसली की निवांत दाबत बसायची आणि तिच्या बोटांना त्या बाईचं सगळं घर कळायचं. कोण पोटभर जेवली, कोण रडून आली, कोणाला माहेरची आठवण येते, सगळं. असं म्हणतात की तिच्या हातात हात असताना खोटं बोलणं कुणा बाईला जमलं नाही. पुरुषांचे हात तिनं धरले नाहीत, ते त्यांचं नशीब.

गरोदर बाईला सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा आणि मग डोहाळजेवण, ही गावाची रीत. कासारणीशिवाय चुडा नाही, चुड्याशिवाय डोहाळजेवण नाही. म्हणून चिमाईला मान होता, आणि तो कसा वापरायचा हे तिला चांगलं कळत होतं. एका घरात अगदी कोवळ्या वयाची सून पोटुशी होती. चिमाईनं तिचा हात दाबला आणि सासूला म्हणाली, "हिच्या हाताला घागरीचे घट्टे हायेत. महिनाभर पाणी तुम्ही भरा, मग बोलवा मला." सासूनं निमूट घागर उचलली. चिमाई तोंडाची फटकळ होती, पण गरोदर बाईच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

गावात बयनाक्का म्हणून एक बाई होती. नवरा जाऊन वर्षं लोटली होती. एकुलता एक मुलगा हैबती फौजेत गेला होता आणि गेले चार महिने त्याची खबर नव्हती. घरात सून सगुणा आणि तिच्या दोन लहान मुली. सगुणा तिसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या दोन्ही मुली, म्हणून बयनाक्का उठता बसता एकच घोकायची, "आता तरी मुलगा दे." सगुणाचं माहेर घाटाखाली, आईबाप कधीच गेलेले. मनातलं बोलायचं तर ते चुलीशीच.

सातवा लागला. चिमाई पेटी घेऊन आली. तिनं सगुणाचा हात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. हात काही सैल होईना. पहिली बांगडी तडकली. दुसरी तडकली. मग एकामागून एक साऱ्या हिरव्या बांगड्या फुटत गेल्या आणि अंगणात काचांचा सडा पडला. जमलेल्या बाया अपशकुन म्हणून कुजबुजायला लागल्या. बयनाक्का सुनेवर कडाडली, "हीच पांढऱ्या पायाची."

"बांगडीत खोट न्हाई," चिमाई म्हणाली. "पोरीतबी न्हाई. हात भ्यालाय तिचा. तुमच्या घराची भीती जाईस्तवर मी चुडा भरायची न्हाई." तिनं पेटी मिटली आणि ती निघून गेली.

बयनाक्कानं बाजारच्या गावाहून दुसरा कासार आणवला. असं म्हणतात की त्यानं उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि त्याच्या खांद्यावरच्या माळेतली प्रत्येक बांगडी तिथल्या तिथे तडकली. बिचारा काचा झटकत पळाला. आता तर गावभर बोभाटा झाला. सगुणाला वाटलं, खोट खरंच आपल्यातच आहे. तिनं अन्न टाकलं. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की पोटातलं बाळ हालेनासं झालंय.

हे चिमाईच्या कानावर आलं आणि तिचा जीव चरकला. आपण पेटी मिटून निघून आलो, त्यानं सासू सुधारली नाही, पोरीवरच घाव बसला, हे तिला कळलं. कुणी न बोलावता ती उठली आणि बयनाक्काच्या ओसरीवर जाऊन बसली. आत सगुणा भिंतीला टेकून बसली होती. चिमाई तिच्याकडे गेलीच नाही. तिनं हात पुढे केला तो बयनाक्कापुढे.

"हात दे."

"माझ्या हातात काय भरतीस?" बयनाक्का म्हणाली. "रिकामा हात हाय माझा."

"भरत न्हाई. नुसता दाबते."

नवरा गेला तेव्हा बयनाक्काच्या बांगड्या उतरल्या होत्या, आणि त्या दिवसापासून तिचा हात कुणीही हातात घेतला नव्हता. चिमाईनं तो घेतला आणि नव्या नवरीचा दाबावा तसा हळूहळू दाबत राहिली. हात लाकडासारखा कडक होता. सगुणाच्या हाताला जी भीती लागली होती, ती इथून निघाली होती. चिमाई मनात म्हणाली, मी चुकीचा हात दाबत होते.

"कशाची धास्ती हाय, बयना?"

"मला कसली धास्ती," बयनाक्का म्हणाली. चिमाईनं हात सोडला नाही. मग बयनाक्का बोलली ती एकदम, धरण फुटावं तशी. हैबती परतला नाही आणि घरात मुलगा झाला नाही, तर दीर म्हणाले होते की घर आणि रान आमचं. मग ही पोर आणि या नाती कुणाच्या दारात उभ्या राहणार? "मला नातींचा राग न्हाई गं," ती म्हणाली. "मला त्यांचीच काळजी." आणि ती हुंदके देऊन रडली. आत भिंतीला टेकलेल्या सगुणानं ते सगळं ऐकलं. सासू आपला दुस्वास करत नाही, सासू आपल्यासारखीच भ्यालीय, हे तिला पहिल्यांदा समजलं.

चिमाई उठली आणि तडक बयनाक्काच्या थोरल्या दिराच्या घरी गेली. तिथे मांडव घातला होता, मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नवरीच्या चुड्यासाठी सगळे चिमाईचीच वाट बघत होते. ती पेटीवर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "आधी बयनाच्या घराचं आन् रानाचं गावापुढं बोला."

"कासारणीनं भाऊबंदकीत पडू नये," थोरला दीर म्हणाला.

"मी कुठं पडते, दादा? मी फक्त पेटी उघडत न्हाई."

दुसरा कासार बोलवावा, तर काचांची गोष्ट ऐकलेला एकही कासार धामणझऱ्याची वाट धरायला तयार नव्हता. शेवटी दिराच्या बायकोनंच नवऱ्याला पारावर पाठवलं. त्यानं देवळापुढे बेल उचलून, शपथेवर गावादेखत सांगितलं, मुलगा होवो की मुलगी, घर आणि रान बयनाक्काचं आणि तिच्यामागे तिच्या सुनेचं आणि नातींचं. मगच चिमाईनं नवरीला चुडा भरला.

मग ती सगुणाकडे आली. आता एका बाजूला चिमाई बसली, दुसऱ्या बाजूला सुनेच्या पाठीवर हात ठेवून बयनाक्का. असं म्हणतात की चिमाईला हात दाबावा लागलाच नाही. हिरव्या बांगड्या पेटीतून उचलायचा अवकाश, आपापल्या पायानं मनगटावर चढल्या. शेवटची चढली आणि बाळानं पोटात अशी लाथ मारली की हातातल्या साऱ्या बांगड्या किणकिणल्या. सगुणा हसली, आणि तिनं भाकरी मागितली.

दिवस भरले, बाळंतीण सुखरूप मोकळी झाली. काय झालं, मुलगा की मुलगी? पोरं हे विचारतातच. धामणझऱ्यात सांगतात, बाळ झालं. त्यापुढे एक अक्षर कुणी बोलत नाही, आणि तुम्हीही पुन्हा विचारू नका.

चिमाई जाऊन काळ लोटला. आता पोटुशा बायकांचं नाव दवाखान्यात घालतात, आशाताई घरी येऊन वजन लिहून नेतात, ते चांगलंच आहे. पण धामणझऱ्यात डोहाळजेवणाच्या दिवशी कासार आला की तो सुनेकडे आधी जात नाही. आधी तो घरातल्या विधवा म्हातारीपुढे बसतो, नसेल तर सासूपुढे, तिचा हात हातात घेतो आणि चिमाईच्या नावानं विचारतो, कशाची धास्ती हाय? बहुतेक म्हाताऱ्या म्हणतात, मला कसली धास्ती. कासार हात सोडत नाही.