पाडलेल्याचा हात

पूर्वी चंपानगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मल्लाच्या कुळात जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव सोमदंत. वयात आल्यावर ते वेणुक नावाच्या आचार्यांच्या आखाड्यात मल्लविद्या शिकू लागले.

वेणुकांची रीत निराळी होती. नवा शिष्य आला की ते त्याला आधी पडायला शिकवीत. हनुवटी छातीशी घ्यायची, तळहात मातीवर आपटायचा, अंग सैल सोडायचे. पावसाळा संपेपर्यंत एवढेच. लोक थट्टा करीत, "पडायला गुरू कशाला हवा? ते दारुड्यालाही येतं." वेणुकही हसत आणि शिष्यांना पुन्हा पडायला लावीत.

दुसरा नियम त्याहून कडक होता. ज्याला पाडाल त्याचा हात, त्याची पाठ मातीला टेकेपर्यंत सोडायचा नाही. हात सुटला तर माणूस डोक्यावर आपटतो. "पाडलंत ना तुम्ही? मग त्याला नीट खाली ठेवणंही तुमच्याकडेच लागलं," असे ते म्हणत. जो हात सोडी त्याला कित्येक दिवस नवा डाव मिळत नसे.

म्हातारपणी वेणुक वारले. शिष्यांनी सोमदंतांना त्यांच्या जागी बसवले. सोमदंतांना फार दुःख झाले होते, पण आखाडा चालू ठेवणे हीच आता आचार्यांची सेवा, असे मानून ते रोज पहाटे माती उकरीत.

राजा अरिंदमाला कुस्ती आवडे, आणि रक्त त्याहून आवडे. शिवाय त्याला हत्ती बांधायला जागा हवी होती, आणि आखाड्याच्या जागेवर त्याचा डोळा होता. सीमेवरून वज्जक नावाचा मल्ल आला. त्याच्याशी लढलेला कुणी चालत घरी गेला नव्हता. राजाने सोमदंतांशी त्याची कुस्ती ठरवली, तीही मातीत नव्हे, राजवाड्यापुढच्या दगडी चौथऱ्यावर. अट अशी, की पाडलेला पुन्हा उठला तर पाडणाराच हरला. सोमदंत हरले तर आखाडा हत्तींचा.

अमात्य आखाड्यात येऊन गोड आवाजात म्हणाले, "गुरूची जागा राखायची ना? मग ऐन वेळी हात तेवढा सोडा. बाकीचं दगड करील."

कुंडल हा आखाड्यातला थोरला शिष्य. तोही म्हणाला, "आचार्यांच्या जागेसाठी एवढं कराच. ते काही आता बघायला नाहीत." सोमदंत माती उकरीत राहिले.

कुस्तीला सारे नगर लोटले. वज्जक ताकदीचा, पण उतावळा. तो अंगावर धावून आला तेव्हा सोमदंत त्याला आडवे गेले नाहीत. बाजूला वळून त्यांनी त्याला कमरेवर घेतले. वज्जक अधांतरी उलटा झाला. त्याचे डोके दगडाकडे होते.

"सोड!" राजा ओरडला. कुंडलही तेच ओरडला.

सोमदंतांचे मन डळमळले, हे खोटे कशाला सांगावे? आचार्यांची जागा त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पण हातातले मनगट एका भ्यालेल्या माणसाचे होते. त्यांनी ते घट्ट धरून वर ओढले. वज्जकाची पाठ दगडाला टेकली. डोके टेकले नाही.

वज्जक उठून उभा राहिला. राजाने सोमदंत हरल्याचे जाहीर केले, आणि दिवस मावळण्याआधी आखाड्यात हत्ती आले.

"आचार्यांचं नाव घालवलंत तुम्ही!" कुंडल रडत म्हणाला.

"घालवत होतो, कुंडला," सोमदंत म्हणाले. "थोडक्यात वाचलं."

तेवढ्यात वज्जक तिथे आला. मान खाली घालून म्हणाला, "माझा हात आजवर कुणी धरला नव्हता. मीही कुणाचा धरला नाही. मला पडायला शिकवाल?"

नदीकाठच्या मऊ जमिनीवर त्याचा पहिला धडा सुरू झाला. कुंडल थोडा वेळ दूर फुगून बसला होता. वज्जकाची हनुवटी पुन्हा पुन्हा वर येते हे पाहून त्याला राहवेना. तो उठला आणि वेणुक जशी दाबत तशी त्याने ती छातीशी दाबली.

पिंगल नावाचे वृद्ध भिक्षू विहारात वारले, त्या दिवशी शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वज्जक म्हणजे पिंगलांच्या उशाशी रडणारा हा त्यांचा शिष्य सुदंत. कुंडल म्हणजे त्यांची सेवा करणारा भिक्षू नंदक. सोमदंत मी होतो." राजा अरिंदम सध्या कोण आहे ते त्यांनी सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

"आणि आचार्य वेणुक?" एका भिक्षूने विचारले.

"पिंगल," शास्ते म्हणाले. "तुम्ही त्यांना माझे शिष्य समजत होता. करुणा मी त्यांच्याकडे शिकलो."

या जातकातला गुण करुणा. ती शिकवणाऱ्याला विसरू नये, हे शास्त्यांनी वेगळे सांगितले नाही. ते आसनावरून उठले आणि पिंगलांच्या तिरडीला खांदा द्यायला गेले.