पाटकऱ्याची परीक्षा

नदीवर बंधारा असलेल्या एका गावात फार वर्षांपूर्वी झिपरू नावाचा पाटकरी होता. बंधाऱ्याचे पाणी पाटातून पाळीपाळीने शेतांना सोडायचे, हे त्याचे काम. त्याची साठी उलटली आणि गाव त्याच्याकडे संशयाने पाहू लागले. तो पाटावर थबकला, की 'पाळी विसरला वाटतं' अशी कुजबुज होई. तो दिवसातून किती वेळा थबकतो, हेही कोणी कोणी मोजत असे.

चाळिशीचा भिला त्या कामावर टपलेला होता. शेवटी पाटलांनी शहरातून एक परीक्षक आणवले. दोघांची अक्कल मोजायची आणि जो सरस ठरेल त्याला पाट द्यायचा, असे ठरले. काम गेले, तर झिपरूला जावयाच्या दारी जाऊन राहावे लागणार होते.

परीक्षकांनी वेळ मोजायला भोकाचे वाडगे पाण्यात सोडले आणि विचारले, "पाट फुटला. काय कराल?"

"माती टाकीन," भिला लगेच म्हणाला.

झिपरूने विचारले, "कुठं फुटला? वरच्या अंगाला का खालच्या?"

"बाबा, प्रश्न मी विचारायचे."

वाडगे बुडाले. म्हातारा वेळ काढतो आहे असे समजून परीक्षकांनी त्याला शून्य गुण दिले. पाट भिलाकडे गेला.

चौथ्या सकाळी पाटाची कड गळू लागली. भिला बाहेरून माती टाकी, ती वाहून जाई. हे म्हाताऱ्याचेच काम, असे म्हणत लोकांनी झिपरूला जाब विचारायला बोलावले. अजून गावातच असलेले परीक्षकही तिथे आले.

गळती थांबवली, तर 'फोडलीही यानेच' असे म्हणतील, हे त्याला कळत होते. गप्प राहिला, तर शेते वाळणार होती. त्याने भिलाला थांबवले आणि गळणारे पाणी निरखले. ते निवळ होते. म्हणजे कड ढासळत नव्हती, आत बीळ होते. त्याने आधी पाटात पाणी सोडणारी वरची मोरी बंद करायला सांगितली.

मग तो परीक्षकांना म्हणाला, "आतल्या बाजूनं हात तुम्ही घाला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

परीक्षकांनी हात घातला आणि ओरडत बाहेर काढला. बोटाला खेकडा लटकत होता. झिपरूने आतून चिकणमाती ठासली. गळती थांबली.

"कसं ओळखलंत?" परीक्षकांनी बोट चोळत विचारले.

"ओळखलं नाही. बघितलं."

पाटलांनी तिथेच पाट झिपरूला परत दिला. घरी जाताना एक जण तरीही हळूच म्हणाला, "पण खेकडा तिथं सोडला कोणी?"

यातून घ्यायचे तात्पर्य एवढेच: माणसाची अक्कल त्याच्या कामावर जोखावी, आणि संशय घ्यायचाच झाला, तर आधी आपण लावलेल्या मापाचा घ्यावा.