तंबूच्या दारातली काठी

फार पूर्वी वाळवंटाच्या कडेला नहारा नावाचं एक गाव होतं. तिथे योएझर महाराज राहत. महाराज यहुदी, आणि त्यांचा धंदा अत्तराचा. अत्तर विकायला ते राजवाड्यात जात आणि जाता जाता देवाच्या चार गोष्टी सांगून येत. त्या गोष्टींनी केवढी किमया केली म्हणता! निसारा राणी आणि तिचा मुलगा अरतान राजा, दोघांनीही यहुदी धर्म घेतला!

दरबार खवळला. राणी महाराजांसोबत जेरुसलेमच्या यात्रेला निघाली, तेव्हा सरदारांनी बजावलं, "वाटेत काही विपरीत घडलं, तर आपले देव कोपले असं समजू. मग मायलेकांनी हा धर्म सोडायचा!" पाळत ठेवायला त्यांनी राणीच्या दिराला, गोदर्झला धाडलं. त्याच्यासोबत त्याचा लहानगा तिरानही निघाला.

'देव एकच आहे' हे वचन यहुदी लोक लिहून दाराच्या उजव्या चौकटीला लावतात. आता तंबूला कुठली आलीय चौकट? पण राणीला चैन पडेना. तिने वचन एका काठीला बांधलं आणि प्रत्येक मुक्कामी ती काठी दारात रोवू लागली. एका दुपारी घाईघाईत तिने ती चुकून डावीकडे रोवली.

गोदर्झ पोट धरधरून हसला. "वाहवा, वहिनी! देवाची बाजू कुठली तेही ठाऊक नाही, आणि निघाल्या धर्म बदलायला!"

राणी शरमेने लाल झाली. ती काठी उपटायला वाकली, तोच महाराज म्हणाले, "राहू दे, मुली. प्रेमाने रोवलीस ना? आज ती तिथेच बरी."

थोड्याच वेळात समोरून वाळूची भिंतच्या भिंत उठली! वादळाने तंबू मधोमध फाडला. जाडजूड खांब काडीसारखे मोडले.

"तिरान! अहो, तिरान आत झोपलाय!" गोदर्झ किंचाळला. पण डोळ्यांपुढे वाळूशिवाय काही दिसेल तर ना!

राणीला सरदारांचे शब्द आठवले. पोर गेलं, की धर्मही गेला! तरी तिच्या तोंडून निघालं, "महाराज, माझं काय व्हायचं ते होवो, लेकराला वाचवा!"

महाराजांनी डोळे मिटून तेच वचन म्हणायला सुरुवात केली. राणीही त्यांच्यासोबत म्हणू लागली.

वारा पडला. तंबूचा उजवीकडचा भाग पार उडून गेला होता. डावीकडे मात्र ती बोटाएवढ्या जाडीची काठी ताठ उभी! तिच्यावर कापडाचा एक तुकडा अडकलेला, आणि त्याच्या आडोशाला तिरान गाढ झोपलेला. अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही!

राणी रडता रडता हसू लागली.

गोदर्झने लेकाला उराशी कवटाळलं. "वहिनी," तो म्हणाला, "दरबाराला काय सांगायचं ते मी बघतो. तुमच्या धर्माला आता कुणी बोट लावणार नाही." आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, उठा, उठा! आधी पोराला पाणी पाजा," महाराज म्हणाले.

पण गोदर्झ काही केल्या उठेना.