वेशीवरची तीन वाक्ये

एका राज्यात डोंगर होते, नदी होती, पण पाहुणा म्हणून कुणी फिरकत नसे. राजा जयसेनाला हे फार लागे. त्याने एका मांत्रिकाकडून बोरू मिळवला. त्या बोरूने जे लिहावे ते खरे होई. राजाने तो राज्याची लेखिका बकुळा हिच्या हाती दिला. तिने वेशीच्या शिळेवर लिहिले: इथे सदा वसंत. इथले पाणी अमृत. इथली माणसे नेहमी हसतात.

झाले! पाहुण्यांची रीघ लागली. वसंत हटेना, म्हणून पीक पिकेना. पाणी इतके गोड, की तहान भागेना. तक्रार करावी, तर करणाराही हसतच करी. मग ती ऐकणार कोण?

अशात बकुळेची लेक कुंदा तापाने गेली. बकुळा तिरडीपाशी हसत बसली. शेजारणीही हसत होत्या. रस्त्यावरचे पाहुणे म्हणाले, "किती आनंदी लोक!" आग लागो त्या आनंदाला!

मांत्रिकाची एक बोलकी मैना होती, तिला बोरूची सारी गुपिते ठाऊक होती. बकुळा तिच्याकडे गेली.

"मैने, शिळा पुसू कशी?"

"पुसता येणार नाही. प्रत्येक वाक्याखाली खरे लिही. ते वाचूनही कुणी आत आले, तर शाप तुटेल."

बकुळेने लिहिले: इथे पीक येत नाही. निम्मे पाहुणे माघारी वळले. तिने लिहिले: इथल्या पाण्याने तहान भागत नाही. उरलेले बिचकले. मग लिहिले: माझी लेक गेली, मला रडता येत नाही. तेव्हा वेशीत चिटपाखरूही राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी परमुलखातली एक म्हातारी गाठोडे घेऊन आत आली.

"कुणाकडे निघालात, आजी?" बकुळेने विचारले.

"तुझ्याचकडं, बाई. काल तुला शिळेवर लिहिताना पाहिलं, वाचलं नि माघारी गेले. दुखवट्याच्या घरी रिकाम्या हाती कशी येऊ? पिठलं-भाकरी आणलीय. खा."

बकुळेने एक घास घेतला आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिच्यामागून सारे राज्य रडले. ऋतू फिरला, पाणी पुन्हा पाण्यासारखे लागू लागले. बकुळेने बोरू चुलीत घातला.

राजाला मात्र सुनी वेस बघवेना. त्याने दुसरा लेखक बोलावला, नवी शिळा बसवली आणि साध्या बोरूने लिहवून घेतले: या, इथली माणसे किती मनापासून रडतात ते पाहा!

त्या शब्दांत कसलीही जादू नव्हती. तरी पाहुण्यांची रीघ लागली, आणि वेशीत शिरताच जो तो बकुळेचे घर विचारू लागला.