लास गार्सासचं शून्य-शून्य

हे मैदान बघा. लास गार्सास गावात एकाही घरातून धूर निघत नाही, स्टेशनाच्या फलाटावर झाडं वाढलीत, पण चुन्याच्या रेघा कशा ताज्या आहेत.

राजधानीतल्या मोठ्या फुटबॉल लीगनं अजिंक्यपदाची रीत किती वेळा बदलली म्हणून सांगू! कधी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, कधी वर्षाचे दोन तुकडे करून दोन विजेते, कधी तीन वर्षांची सरासरी काढून तळातल्यांना खाली ढकलायचं. आमच्या नऊ गावांच्या लीगनं मात्र पहिलीच रीत धरून ठेवली. ती रुफिनामुळे, असं सांगतात.

रुफिना इथल्या संघाचे कपडे धुवायची, मैदानावर रेघा मारायची. आगगाडी बंद झाली तशी माणसं निघून गेली आणि शेवटी ती एकटीच उरली, म्हणे. कोंबड्यांना खेळाडूंच्या नावानं हाका मारायची. रिकाम्या गावाचं नाव खोडायला लीगची सभा भरली, तेव्हा घोडागाडी जोडून गेली.

"आमचं नाव खोडू नका. नाव गेलं की रविवारी इकडं कोण फिरकेल?"

सभापती हसला. "खेळणार कोण, बाई? तुमच्या कोंबड्या?"

"तुमच्या पोरांपेक्षा कमी ऑफसाइड जातात त्या."

सगळे हसले. आणि नाव खोडलं.

पण वेळापत्रक आधीच छापून झालेलं. पहिल्याच रविवारी बेलिसारियो नावाचा कप्तान जुना कागद बघून संघासकट ट्रकनं इथं आला. बघतो तर रेघा मारलेल्या, दोरीवर अकरा सदरे वाळत घातलेले, आणि रुफिना फाटकात उभी. चूक कळली, पण पाय मागं फिरेना. त्यानं चेंडू मध्यावर ठेवला. नव्वद मिनिटं सगळे तिच्याजवळ बसून माते नावाचा कडू पाल्याचा चहा प्यायले. ती बोलत राहिली, बोलतच राहिली.

निघताना तिनं विचारलं, "किती-किती झाले रे?"

"शून्य-शून्य, बाई. तुमचा बचाव भारी."

त्यानं तेच लिहून दिलं. सभापती भडकला, आणि पुढच्या रविवारी स्वतः बघायला आला. संध्याकाळी परतला, तो आल्या आल्या त्यानं खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. तेव्हापासून सगळ्यांनी सगळ्यांशी. दुसरी रीत धरली, तर कुणाचं तरी इथं यायचं राहून जाईल ना.

रुफिनाला जाऊन चाळीस वर्षं झाली. आजही वर्षातले आठ रविवार एकेक संघ येतो, स्वतःच रेघा मारतो, चेंडू मध्यावर ठेवतो. लाथ कुणी मारत नाही. पलीकडच्या मोकळ्या अर्ध्या मैदानाकडं बघत बसतात. शेवटची शिट्टी झाली, की कप्तान फाटकाकडं तोंड करून मोठ्यानं सांगतो, "शून्य-शून्य, बाई!"

ट्रक लगेच सुरू करत नाहीत; बाईचं बोलणं अजून संपायचं असतं.