दोरावर बसलेले तांडेल

एकदा एका खाडीकाठच्या गावात एका वृद्ध तांडेलाकडे एक तरुण नाव हाकण्याची विद्या शिकत होता. चार वर्षे झाली, तेव्हा त्याला वाटले, आपली विद्या पूर्ण झाली. असे सर्वांनाच एकदा वाटते. त्याला जरा लवकर वाटले. नवी नाव परवडेना, म्हणून त्याने एका व्यापाऱ्याचा जुना शिडाचा मचवा हेरला. दोन धाकट्या भावांना घेऊन तो समुद्रात उतरणार होता.

तीन दिवस त्याने मचव्याची कसून परीक्षा केली. शीड उलगडले, डोलकाठीवर चढला, सुकाणू हाती धरून आपण कसे दिसतो तेही पाण्यात वाकून पाहिले. चौथ्या दिवशी हार-नारळ आणि गुरू यांना घेऊन तो सौदा पक्का करायला गेला. व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "सकाळी भरतीलाच या. मागाहून मला सवड नाही."

तांडेलांनी मचव्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मचवा ज्या दोराने धक्क्याला बांधला होता, त्याच दोराच्या वेटोळ्यावर ते मांडी घालून बसले आणि म्हणाले, "शेठ, चहा मिळेल का?"

चहा झाला. मग पोहे झाले. व्यापारी चुळबुळ करू लागला. "तांडेल, जरा उठता? ऊन तापलंय, मचवा खोल पाण्यात नेऊन ठेवतो."

"असू दे हो. दमला असेल बिचारा, टेकू दे जरा."

दुपारी तांडेलांनी भात तीनदा मागून घेतला, तोही दोरावर बसूनच. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो कुजबुजला, "बाबा, लोक काय म्हणतील?"

"सोलकढी छान झालीय म्हणतील."

तिसऱ्या प्रहरी पाणी ओसरले. मचवा चिखलात टेकला आणि हळूच कुशीवर कलंडला. आता तांडेल उठले, धोतर खोचून चिखलात शिरले आणि त्यांनी शिष्याच्या हाती सुरी दिली. नावेच्या बुडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत जे जाड लाकूड असते, तो नावेचा कणा. त्यावर ताजा रंग होता. शिष्याने सुरी टेकवली, आणि पिकल्या पपईत शिरावी तशी ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आल्या त्या पोकळीत कोंबलेल्या चिंध्या आणि किड्यांनी पाडलेला भुसा.

"मी तरी कुठे खाली वाकून पाहिलंय!" असे म्हणत व्यापारी घरात गेला.

शिष्याला भाऊ आठवले. भर समुद्रात हा कणा मोडला असता, आणि दोघेही मचव्यावर असते. "बाबा, तुम्हाला कसे कळले?"

"मला काहीच कळले नव्हते," तांडेल म्हणाले. "पण भरतीला सगळ्याच नावा देखण्या दिसतात. कणा पाहायचा तर ओहोटीपर्यंत बसावे लागते, आणि बसायचे तर जेवावेही लागते. हा नारळ घेताना तू काय केलेस?"

"कानाशी हलवून पाहिला. दोन परत केले."

"लगेच फोडायचा नारळ वाजवून घेतलास. आणि भावांना बसवायची नाव?"

शिष्याने नारळ उचलला आणि सौदा न करताच तो घरी निघाला.

महिन्याभराने दुसऱ्या एका मालकाचा निरोप आला, "माझी होडी विकायचीय. रंग देऊन ठेवतो, मग या."

शिष्याने उलट निरोप धाडला, "रंग राहू द्या. ओहोटी कधी लागते तेवढे कळवा. आणि आम्ही दोघे जेवायला असू."